स्टुअर्ट घराण्याचें मूळ व त्याचें आडनांव

(१) विषयप्रवेश

मध्ययुगीन स्कॉटलंडांतील सरदारघराण्यांपैकीं ज्याचें नांव जगाच्या कानावर सर्वांत अधिक पडलें आहे, तें स्टुअर्ट घराणें होय. इ. स. १३७१ मध्यें या घराण्यांतील रॉबर्ट हा स्कॉटलंडचा राजा झाला, इ. स. १६०३ मध्यें सहावा जेम्स हा इंग्लंडच्याहि गादीवर बसला, आणि इ. स. १७१४ मध्यें अॅन राणी वारली तेव्हां या घराण्याचें राज्य समाप्त झालें. इतक्या प्रख्यात घराण्याचा मूळपुरुष कोण, हें त्या घराण्यांतील राजांसच ठाऊक नव्हतें, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. पण वस्तुस्थिति तशी आहे. जी हकीकत राजदरबारीं मान्य होती, जी इतिहासग्रंथांत छापली गेली व रंगभूमीवर दाखविली गेली, ती कल्पित होती. खरी हकीकत एका जुन्या मठाच्या दानपत्रांत पडून होती, आणि तिचा पूर्ण उलगडा होण्यास इ. स. १९०१ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत राज्यहि गेलें होतें व राजवंशाची पुरुषशाखाहि खुंटली होती.

या घराण्याच्या वंशावळीची छाननी कशी झाली, याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. ज्यांना वंशावळी, कैफियती व बखरी यांशीं नेहमीं व्यवहार करावा लागतो, त्यांना यांतील प्रश्न परके वाटणार नाहींत. राज्य मिळाल्यानंतर रचलेली वंशावळ आणि राज्य मिळण्यापूर्वीं सहज लिहिले गेलेले कागद यांत विरोध आला, तर कोणाचें ऐकावें? आणि आडनांव हें वंशाचा पुरावा म्हणून कितपत धरावें? या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें या एकाच उदाहरणांत मिळतात.

(२) प्रचलित कथा

प्रचलित कथेचा पहिला पूर्ण लेखी आढळ हेक्टर बोईस याच्या लॅटिन इतिहासांत होतो. बोईस हा अॅबर्डीन येथील विद्यापीठाचा प्रमुख होता व त्याचा ग्रंथ इ. स. १५२७ मध्यें पॅरिस येथें छापला गेला. त्या वेळीं स्कॉटलंडच्या गादीवर पांचवा जेम्स, म्हणजे स्टुअर्ट राजाच, होता, हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याच राजाच्या आज्ञेनें जॉन बेलेंडन यानें या ग्रंथाचें स्कॉट भाषेंत रूपांतर केलें.

बोईस सांगतो तें असें. अकराव्या शतकांत स्कॉटलंडच्या उत्तरेस लॉखाबर प्रांतावर बॅन्को नांवाचा सरदार होता. मॅकबेथ राजानें त्याचा घात करविला. पण त्याचा मुलगा फ्लीअन्स हा निसटून वेल्स देशांत गेला. तेथें वेल्सच्या राजाच्या मुलीपासून त्याला वॉल्टर नांवाचा मुलगा झाला. राजानें रागानें फ्लीअन्सला ठार केलें. वॉल्टर मोठा झाल्यावर स्कॉटलंडांत परतला, तिसऱ्या माल्कम राजाच्या सेवेंत त्यानें पराक्रम गाजविला, आणि राजानें त्याला स्टीवर्ड म्हणजे राजगृहाचा मुख्य कारभारी नेमिलें. त्या हुद्द्यावरून घराण्याला स्टुअर्ट नांव पडलें.

बोईसवरून ही कथा होलिन्शेडनें इ. स. १५७७ च्या आपल्या इंग्रजी बखरींत घेतली, आणि होलिन्शेडवरून शेक्सपिअरनें आपल्या 'मॅकबेथ' नाटकांत. हें नाटक आमच्या वाचकांस परिचित आहेच, कै. शिवराम महादेव परांजपे यांनीं त्याच्याच आधारें 'मानाजीराव' हें मराठी नाटक लिहिलें. मूळ नाटकांत चेटकिणी मॅकबेथला बॅन्कोच्या वंशांतील आठ राजांची रांग दाखवितात, तो देखावा स्टुअर्ट राजांना उद्देशून आहे. नाटक लिहिलें गेलें तेव्हां त्याच वंशांतील जेम्स राजा लंडनांत राज्य करीत होता. अशा रीतीनें बखरकाराची कथा कवीच्या हातीं जाऊन अमर झाली. आणि जी कथा कवीनें अमर केली तिला इतिहासांतून काढणें किती अवघड असतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

(३) कथेची परीक्षा

या कथेची परीक्षा करूं लागतांच पहिली अडचण येते ती मौनाची. बोईसच्या पूर्वीं, चवदाव्या शतकांत जॉन ऑफ फोर्डन यानें व पंधराव्या शतकाच्या आरंभीं अँड्रू ऑफ विन्टन यानें स्कॉटलंडचे इतिहास लिहिले. दोघांनाहि मॅकबेथ ठाऊक आहे. पण बॅन्को व फ्लीअन्स यांचा पत्ता नाहीं. म्हणजे घडलेल्या म्हणून सांगितलेल्या गोष्टीनंतर सुमारें पावणेपांचशें वर्षांनीं हे दोन पुरुष प्रथमच इतिहासांत प्रवेश करतात.

दुसरी अडचण कालगणनेची. मॅकबेथ इ. स. १०५७ मध्यें मारला गेला, व ज्या ग्रिफिथ राजाच्या मुलीचा फ्लीअन्सशीं संबंध जोडतात तो इ. स. १०६३ मध्यें वारला. तेव्हां फ्लीअन्सचा मुलगा फार तर याच सुमारास जन्मला असला पाहिजे. उलट, स्कॉटलंडचा पहिला स्टीवर्ड म्हणून ज्याचें नांव अस्सल कागदांत येतें तो वॉल्टर इ. स. ११७७ मध्यें वारला. एकाच पुरुषाला शंभराहून अधिक वर्षांचें आयुष्य देऊन शेवटपर्यंत कारभार करावयास लावल्याखेरीज हा मेळ बसत नाहीं. शिवाय त्याच कागदांत या वॉल्टरच्या बापाचें नांव स्पष्टपणें अॅलन असें आहे, फ्लीअन्स नाहीं.

हा घोळ प्रथम निर्भीडपणें उघड करणारा पुरुष म्हणजे डेव्हिड डॅलरिंपल, लॉर्ड हेल्झ. हा धंद्यानें न्यायाधीश होता, व साक्षीपुरावा तोलण्याची संवय त्यानें इतिहासांतहि सोडली नाहीं. इ. स. १७७६ ते १७७९ या काळांत प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडच्या आपल्या इतिवृत्तांत त्यानें बॅन्कोची कथा निराधार ठरविली, आणि अॅलनचा मुलगा वॉल्टर याच्या पलीकडे पुरावा नाहीं, असा निकाल दिला. खोटी पायरी काढून टाकून खरी सांपडेपर्यंत जागा मोकळी ठेवणें यालाहि संशोधनांत धैर्य लागतें. तें हेल्झनें दाखविलें.

(४) सनदांतील वॉल्टर

आतां अस्सल कागद काय सांगतात तें पाहूं. बाराव्या शतकांत स्कॉटलंडचा पहिला डेव्हिड (इ. स. ११२४ ते ११५३) हा राजा तरुणपणीं इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीच्या दरबारीं वाढलेला होता. राज्यावर आल्यावर त्यानें दक्षिणेकडून अनेक नॉर्मन व ब्रेटन सरदार आणून त्यांना जमिनी व हुद्दे दिले. ब्रूस, बॅलिअल इत्यादि पुढें प्रसिद्धीस आलेलीं घराणीं अशींच आलीं. अॅलनचा मुलगा वॉल्टर हा त्यांपैकींच एक होय.

डेव्हिडचा नातू चौथा माल्कम यानें इ. स. ११६१ च्या सुमारास वॉल्टरला दिलेली सनद या घराण्याच्या इतिहासांत पायाभूत आहे. तींत स्टीवर्डचा हुद्दा वॉल्टरला व त्याच्या वारसांना वंशपरंपरेनें दिला असून, डेव्हिड राजानें जसा दिला होता तसाच तो चालवावा, असें म्हटलें आहे. म्हणजे मूळ नेमणूक डेव्हिडची; माल्कमनें ती वतनी केली. त्याच सनदेंत रेनफ्रू, पेझली, पोलॉक, कॅथकार्ट, ईगल्शॅम इत्यादि गांवें पांच नाइटांच्या चाकरीच्या बदल्यांत दिलीं आहेत. आणि राजाच्या प्रत्येक नगरांत व मुक्कामाच्या जागीं स्टीवर्डला उतरण्यासाठीं घरजागा दिली आहे. या शेवटच्या कलमावरून हुद्द्याचें स्वरूप चांगलें कळतें. राजा त्या काळीं एका जागीं राहत नसे. तो एका नगराहून दुसऱ्या नगरास फिरे, आणि ज्याच्यावर त्याच्या खासगीची व मुदपाकखान्याची जबाबदारी, त्याला राजाबरोबर सर्वत्र जावें लागे.

वॉल्टर आला कोठून, याचा उत्तम पुरावा त्यानेंच स्थापिलेल्या मठांत आहे. इ. स. ११६३ च्या सुमारास त्यानें एक मठ स्थापिण्याचें ठरविलें. तो मठ पुढें पेझली येथें स्थिर झाला. मठासाठीं साधु आणावयाचे ते त्यानें स्कॉटलंडांतील कोणत्याहि मठांतून आणिले नाहींत, तर दूर दक्षिणेस वेल्सच्या सरहद्दीवर असलेल्या श्रॉपशायर परगण्यांतील वेन्लॉकच्या मठांतून आणिले. पेझलीचा मठ ज्या संतांना अर्पण केला त्यांत संत मिरिन हा स्थानिक होता. परंतु त्याच्याच जोडीला संत मिलबर्गा हिचेंहि नांव आहे. मिलबर्गा ही वेन्लॉकची संतीण. ज्याप्रमाणें आपल्याकडे एखाद्या घराण्याचें कुलदैवत पाहून त्याचें मूळ गांव ताडतां येतें, त्याप्रमाणें मिलबर्गेचें नांव वॉल्टरच्या मूळ प्रदेशाकडे बोट दाखवितें.

त्याच्याबरोबर आलेल्या माणसांकडे पाहिलें तरी हीच दिशा दिसते. ईगल्शॅम ज्यांना मिळालें त्या माँगमरी घराण्याचें नांव श्रॉपशायरच्या सरहद्दीशीं निगडित आहे. स्कॉटलंडचा राष्ट्रवीर विल्यम वॉलेस याच्या आडनांवाचा अर्थ 'वेल्सकडील मनुष्य' असा आहे, आणि हें कुळ स्टीवर्डांच्या जमिनींवर राहणारें असल्यामुळें त्याचा पूर्वज वॉल्टरच्या मंडळीबरोबर त्याच सरहद्दीवरून आला असावा, असा पुष्कळ संशोधकांचा तर्क आहे.

(५) वॉल्टरचा बाप

या धाग्यावरून पुढें गेला तो जॉर्ज चामर्स. इ. स. १८०७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'कॅलिडोनिया' या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, वॉल्टरचा बाप अॅलन म्हणजे श्रॉपशायरमधील ऑस्वेस्ट्रीचा जहागीरदार, फ्लाल्डचा मुलगा अॅलन हाच होय. हा अॅलन पहिल्या हेन्रीच्या कारकीर्दींत (इ. स. ११०० ते ११३५) इंग्लंडांत उदयास आला. त्याच्या जमिनी श्रॉपशायरप्रमाणेंच नॉर्फकमध्येंहि होत्या. त्याचा वडील मुलगा विल्यम. वॉल्टर हा धाकट्यांपैकीं. हेन्रीच्या मागें त्याची मुलगी मटिल्डा व पुतण्या स्टीफन यांच्यांत गादीसाठीं युद्ध जुंपलें, तेव्हां विल्यमनें मटिल्डेचा पक्ष घेतला. इ. स. ११३८ मध्यें श्रूजबरीचा किल्ला त्यानें तिच्यासाठीं लढविला. स्टीफननें तो घेतला व विल्यमला परागंदा व्हावें लागलें. स्कॉटलंडचा डेव्हिड हा मटिल्डेचा सख्खा मामा व तिचा पुरस्कर्ता. इ. स. ११४१ च्या सुमारास मटिल्डेनें श्रॉपशायरमधील हॉमंडच्या मठाला दिलेल्या सनदेवर विल्यम व वॉल्टर हे दोघे भाऊ साक्षीदार आहेत. वडिलार्जित जहागीर थोरल्याकडे जाणार, आणि तीहि त्या वेळीं शत्रूच्या हातीं. अशा धाकट्या भावानें मामाच्या राज्यांत दैव आजमावावें, हें स्वाभाविकच होतें.

विल्यमचे वंशज पुढें फिट्झअॅलन या नांवानें प्रसिद्धीस आले व तेराव्या शतकांत अॅरंडेलचे अर्ल झाले. या भाऊबंदकीची आठवण दोन्ही राज्यांत कशी टिकून होती, याचें एक मौजेचें उदाहरण आहे. इ. स. १३३६ च्या सुमारास अॅरंडेलचा अर्ल रिचर्ड यानें, स्कॉटलंडच्या स्टीवर्डचा हुद्दा वंशपरंपरेनें आपला आहे, असा दावा सांगून तो हक्क इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला एक हजार मार्कांना विकला. त्या वेळीं हुद्दा खरोखर रॉबर्टकडे होता. अर्थात् या विक्रीनें एडवर्डला कागदाखेरीज कांहीं मिळालें नाहीं.

हा दावा कायद्यानें पोकळ होता. हुद्दा डेव्हिड राजानें वॉल्टरला दिला. तो वॉल्टरच्या बापापासून आलेला नव्हता, तेव्हां थोरल्या भावाच्या वंशजाचा त्यावर हक्क पोंचत नाहीं. परंतु खोटा दावासुद्धां खरी माहिती देऊन जातो. दोन शतकांनंतरहि अॅरंडेलच्या घरांत, स्कॉटलंडचे स्टीवर्ड हे आपले भाऊबंद आहेत, ही जाणीव जिवंत नसती, तर असा दावा कोणास सुचलाच नसता. हक्काविषयीं आम्ही या अर्लावर विश्वास ठेवणार नाहीं, नात्याविषयीं ठेवूं.

(६) फ्लाल्ड व डोल

येथपर्यंत वंशावळ एका पिढीनें मागें गेली. पण अॅलनचा बाप फ्लाल्ड कोण? या जागीं जुनी कथा पुन्हां डोकें वर काढते. श्रॉपशायरच्या प्राचीन वृत्तांताचा मेहनती लेखक आयटन यानें, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फ्लाल्ड म्हणजेच बॅन्कोचा मुलगा फ्लीअन्स, असें प्रतिपादन केलें. नांवांत साम्य, श्रॉपशायर वेल्सला लागून, आणि फ्लीअन्स पळाला तोहि वेल्सलाच. तेव्हां कथा व कागद यांचा सांधा जुळला असें त्याला वाटलें. आयटन हा प्रामाणिक संशोधक होता. परंतु जुन्या कथेचा मोह किती बळकट असतो, याचें तो उत्तम उदाहरण आहे.

या वादाचा निकाल होरेस राउंड यांनीं लाविला. फ्रान्समधील दप्तरांत इंग्लंडच्या इतिहासासंबंधीं जीं जुनीं पत्रें आहेत, त्यांची सूची करण्याचें काम त्यांच्याकडे आलें होतें, व ती सूची इ. स. १८९९ मध्यें प्रसिद्ध झाली. त्या कामांत सोमूर येथील संत फ्लोरांच्या मठाचीं दानपत्रें त्यांच्या नजरेखालून गेलीं. फ्रान्सच्या पश्चिम टोंकास ब्रिटनी म्हणून जो प्रांत आहे, त्यांत डोल नांवाचें प्राचीन धर्मपीठाचें शहर आहे. या दानपत्रांत डोलच्या धर्मपीठाचा 'दापिफेर' अॅलन हा येतो, आणि त्याचा भाऊ फ्लाल्ड हाहि येतो. दापिफेर या लॅटिन शब्दाचा अर्थ अन्नाचें ताट आणणारा, म्हणजेच स्टीवर्ड. हाच डोलचा दापिफेर अॅलन पहिल्या धर्मयुद्धांत गेलेल्या ब्रेटन वीरांच्या यादींतहि सांपडतो. याच संत फ्लोरांच्या मठाची एक शाखा वेल्सच्या सरहद्दीवर मॉनमथ येथें ब्रेटन सरदारांनीं स्थापिली होती. तेथील देवालयाचा अर्पणविधि इ. स. ११०१ किंवा ११०२ मध्यें झाला. त्या वेळीं हजर असलेल्यांत 'अॅलन दापिफेराचा मुलगा फ्लाल्ड' याचें नांव आहे. म्हणजे बाप अॅलन दापिफेर, त्याचे मुलगे दुसरा अॅलन दापिफेर व फ्लाल्ड, आणि फ्लाल्डचा मुलगा तिसरा अॅलन, असा क्रम लागतो.

साखळीची शेवटची कडी अशी. इंग्लंडांत आलेल्या या तिसऱ्या अॅलनला जॉर्डन नांवाचा एक मुलगा होता, आणि तो पुढें ब्रिटनींत डोलच्या वडिलार्जित जमिनींवर व दापिफेरच्या हुद्द्यावर दिसतो. इंग्लंडांतील अॅलनचा मुलगा डोलच्या दापिफेरांचा वारस ठरतो, यावरून दोन्ही घराणीं एकच, हें उघड होतें. राउंड यांनीं हा सर्व पुरावा इ. स. १९०१ मध्यें प्रसिद्ध केला, आणि पुढील संशोधकांनीं तो मान्य केला.

तेव्हां निष्पन्न झालेली वंशावळ अशी: डोलचा दापिफेर अॅलन, त्याचा मुलगा फ्लाल्ड, त्याचा मुलगा ऑस्वेस्ट्रीचा अॅलन, आणि या अॅलनचे तीन मुलगे. जॉर्डन ब्रिटनींत राहिला. विल्यम इंग्लंडांत राहिला. वॉल्टर स्कॉटलंडांत गेला. ज्यांनीं आपला मूळपुरुष लॉखाबरच्या डोंगरांतला, अस्सल स्कॉट रक्ताचा मानिला, ते राजे वस्तुतः समुद्रापलीकडच्या एका धर्माधिकाऱ्याच्या कारभाऱ्याचे वंशज होते.

(७) हुद्द्याचें आडनांव कसें झालें

आतां आडनांवाकडे वळूं. 'स्टीवर्ड' हा शब्द जुन्या इंग्रजींतील 'स्टिगवेअर्ड' यापासून आला. यांतील पहिल्या पदाचा अर्थ घर किंवा दिवाणखाना व दुसऱ्याचा राखणारा. स्कॉट उच्चारांत शेवटचा 'ड' कठोर होऊन 'ट' झाला. लॅटिन सनदांत याच हुद्द्याला 'दापिफेर' किंवा 'सेनेस्कालस' म्हणतात. घराण्याच्या ढालीवर चौकटींचा आडवा पट्टा आहे. हिशेब करण्याच्या चौकटीदार कापडावरून तो घेतला, असें सामान्यतः मानतात, आणि कारभाऱ्याच्या घराण्याला तें शोभतेंहि.

डोलचा हुद्दाहि तोच व स्कॉटलंडचा हुद्दाहि तोच, म्हणून आडनांव डोलहून आलें, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाहीं. वॉल्टर आपल्या हयातींत 'अॅलनचा मुलगा' म्हणून ओळखला जाई, त्याचा मुलगा अॅलन (मृत्यु इ. स. १२०४) हा 'वॉल्टरचा मुलगा'. हुद्दा नांवापुढें लागे, पण तो हुद्दा म्हणूनच. पुढें दुसरा वॉल्टर (मृत्यु १२४१), अॅलेक्झांडर (मृत्यु १२८३), जेम्स (मृत्यु १३०९) व तिसरा वॉल्टर (मृत्यु १३२७) असे क्रमानें स्टीवर्ड झाले. यांपैकीं कोणाच्याहि नांवापुढील 'स्टीवर्ड' शब्द आडनांव कीं हुद्दा, हें नुसत्या कागदावरून ठरविणें कठीण. कारण हुद्दा त्यांच्याकडे होताच.

आमच्या मतें कसोटी एकच. हुद्द्याचें आडनांव झालें हें तेव्हां म्हणावें, जेव्हां हुद्दा नसलेला मनुष्य तें नांव लावूं लागतो. पेशवाईंत फडणिशी एकाच हातीं असली तरी सर्व भाऊबंद फडणीस म्हणवीत, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ही कसोटी लावली म्हणजे दृष्टि धाकट्या शाखांकडे वळवावी लागते, आणि तेथें दोन उदाहरणें समोरासमोर उभीं राहतात. अॅलेक्झांडरचा धाकटा भाऊ वॉल्टर हा मेंटीथचा अर्ल झाला. त्याच्या मुलांनीं स्टुअर्ट नांव न लावतां मेंटीथ हेंच आडनांव धारण केलें. इ. स. १३०५ मध्यें वॉलेसला पकडून देणारा सर जॉन मेंटीथ हा त्याच शाखेंतला, म्हणजे रक्तानें स्टुअर्टच. उलट अॅलेक्झांडरचा दुसरा मुलगा सर जॉन, बंकल येथील जहागीरदार, हा इ. स. १२९८ मध्यें फॉलकर्कच्या लढाईंत पडला. हुद्दा त्याच्याकडे कधींहि नव्हता, पण त्याच्या वंशजांनीं स्टुअर्ट नांव चालविलें. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस हें आडनांव नुकतें घट्ट होत होतें. एका चुलत शाखेनें तें सोडलें तर दुसरीनें धरलें.

इकडे इंग्लंडांत विल्यमच्या वंशजांचें नांव निराळ्याच रीतीनें घट्ट झालें. 'फिट्झअॅलन' म्हणजे 'अॅलनचा मुलगा'. हें प्रत्येक पिढीला बदलावयाचें पितृनाम एका ठिकाणीं गोठलें व आडनांव होऊन बसलें. सख्ख्या भावांच्या वंशांत एकाचें आडनांव बापाच्या नांवावरून, दुसऱ्याचें हुद्द्यावरून, आणि त्यांतल्याच एका शाखेचें जहागिरीवरून! नुसतीं आडनांवें पाहून कोणी स्टुअर्ट, फिट्झअॅलन व मेंटीथ हे एका कुळाचे आहेत असें म्हणेल काय? याच्या उलट, स्कॉटलंडांत प्रत्येक मोठ्या अर्लाच्या व बिशपाच्या पदरीं स्टीवर्ड असे. त्यांच्याहि वंशजांना तेंच नांव पडलें. म्हणून स्टुअर्ट नांवाचा प्रत्येक मनुष्य वॉल्टरचा वंशज, असेंहि म्हणतां येत नाहीं.

तिसऱ्या वॉल्टरनें इ. स. १३१५ मध्यें रॉबर्ट ब्रूस राजाची मुलगी मार्जरी हिच्याशीं लग्न केलें. त्यांचा मुलगा रॉबर्ट इ. स. १३१६ मध्यें जन्मला. मामा दुसरा डेव्हिड निपुत्रिक वारल्यावर, इ. स. १३७१ मध्यें, चोपन्न वर्षांचा हा भाचा दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर आला. त्यानंतर स्टीवर्डचा हुद्दा राजघराण्यांतच लीन झाला. आजहि तो युवराजाच्या पदव्यांत गणला जातो.

पण पुरुषपरंपरा पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. पांचवा जेम्स इ. स. १५४२ मध्यें वारला तेव्हां त्याच्यामागें औरस पुत्र नव्हता; मुलगी मेरी ही राणी झाली. तिनें इ. स. १५६५ मध्यें लॉर्ड डार्न्ली याच्याशीं लग्न केलें. डार्न्लीहि स्टुअर्टच, पण तो फॉलकर्कच्या लढाईंत पडलेल्या जॉनच्या शाखेंतला. म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसलेले स्टुअर्ट राजे पुरुषपरंपरेनें दुसऱ्या रॉबर्टपासून आलेले नसून, स्टीवर्डचा हुद्दा कधींहि न भोगलेल्या जॉनपासून आलेले आहेत. हुद्द्यावरून पडलेलें नांव हुद्दा नसलेल्या शाखेनें राजसिंहासनापर्यंत नेलें. नांवाच्या इंग्रजी लेखनांतील फरकहि याच काळचा. फ्रेंच लिपींत 'डब्ल्यू' या अक्षराचा वापर नसल्यामुळें, फ्रान्समध्यें लष्करी नोकरी केलेल्या डार्न्लीच्या पूर्वजांनीं व फ्रान्समध्यें वाढलेल्या मेरी राणीनें त्या अक्षराऐवजीं 'यू' लिहिला, आणि पुढें राजघराण्याचें लेखन तेंच रूढ झालें.

(८) उपसंहार

बोईसची कथा का स्वीकारली गेली, याचें कारण आतां कळणें कठीण नाहीं. इंग्लंडाशीं दीर्घ युद्ध करून ज्या देशानें आपलें स्वातंत्र्य राखलें, त्याच्या राजाचा पूर्वज इंग्लंडच्या सरहद्दीवरून आलेला, आणि त्यापूर्वीं परदेशीं एका धर्मपीठाचा कारभारी, ही गोष्ट राजाला व प्रजेलाहि अडचणीची होती. बॅन्को हा देशी होता, शूर होता, आणि अन्यायानें मारला गेलेला होता. असा पूर्वज कोणास नको? परंतु या खटाटोपांत खऱ्या पूर्वजांचें जें श्रेय होतें तेंच हरपलें. घरची जहागीर न मिळणाऱ्या एका धाकट्या मुलानें परराज्यांत जाऊन एकनिष्ठ चाकरीवर हुद्दा मिळवावा, आणि सात पिढ्यांत त्याच्या वंशानें सिंहासन गांठावें, ही हकीकत बॅन्कोच्या भुताहून आम्हांस तरी अधिक मोलाची वाटते.

तथापि कथाकारालाहि सर्वस्वी झिडकारणें योग्य होणार नाहीं. फ्लीअन्स व फ्लाल्ड या नांवांचें साम्य आणि वेल्सच्या सरहद्दीचा उल्लेख हे केवळ योगायोग नसावे. घराण्यांत कोठें तरी एक जुनें नांव व एक जुना प्रदेश यांची अंधुक स्मृति राहिली असावी, आणि तिच्याभोंवतीं कथा रचली गेली असावी. कथेंतील स्मृतीचा कण ओळखतां येतो. पण तो कागद हातीं आल्यावरच ओळखतां येतो, आधीं नव्हे. आयटनची चूक हीच कीं, त्यानें कागदाला कथेच्या मापानें कापलें.

मॉनमथच्या देवालयांत जमलेल्या माणसांचीं नांवें टिपणाऱ्या लेखकाच्या मनांत कोणा राजाची वंशावळ नव्हती. त्याला उद्यांचें राज्य ठाऊक नव्हतें, म्हणून खोटें लिहिण्याचें त्याला कारणहि नव्हतें. त्याच्या एका ओळीनें जें काम केलें तें राजाश्रयानें लिहिलेल्या मोठ्या इतिहासाला साधलें नाहीं. डोलच्या पहिल्या अॅलनपाशीं कागद संपतात. म्हणून वंशावळहि तेथेंच थांबविली पाहिजे. तिच्यापुढें आणखी एक नांव घालण्याचा मोह ज्याला आवरतो, त्याच्याच हातीं जुनीं दप्तरें सुरक्षित राहतात, असें आम्हांस वाटतें.